एक नाकारलेला प्रबंध आणि पॅरिसची परिषद

संशोधन आणि साहित्य संमेलन ह्या दोन गोष्टींची आपल्याकडे सहसा गाठ पडत नाही. संशोधन विद्यापीठाच्या आवारात होते, पदवीसाठी होते, आणि पदवी हाती पडली की कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या फडताळात जाऊन बसते. संमेलन मांडवात होते. तेथे स्वागताध्यक्ष असतात, ठराव असतात, आणि कविसंमेलन मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. एकाला दुसऱ्याची गरज आहे असे दोघांनाही वाटत नाही. ‘प्रबंध लिहून समाजाच्या पदरात काय पडले?’ असा प्रश्न आपल्याच चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी मला अनेकदा केला आहे. विचारणाऱ्याचा राग मी समजू शकतो. ज्याच्या वस्तीला पाण्याचा नळ नाही त्याने तळटिपांचे कौतुक का करावे?

तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते तत्त्वचर्चेपेक्षा एका घडलेल्या गोष्टीतून अधिक स्पष्ट होते. १९ ते २२ सप्टेंबर १९५६ ह्या चार दिवसांत पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातील देकार्त सभागृहात कृष्णवर्णीय लेखक व कलावंतांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आफ्रिका, अमेरिका आणि कॅरिबियन बेटे येथून सुमारे साठ प्रतिनिधी आले होते. आदल्या वर्षी बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद झाली होती. म्हणून पॅरिसच्या ह्या मेळाव्याला लोक ‘दुसरे बांडुंग’, संस्कृतीचे बांडुंग म्हणू लागले. ह्या परिषदेच्या मुळाशी कविता होत्या, हे खरे. पण कवितांच्याही मुळाशी काही जणांनी चिकाटीने केलेले संशोधन होते, आणि त्यातले एक संशोधन तर ज्या विद्यापीठाच्या सभागृहात ही परिषद भरली त्याच विद्यापीठाने पदवीसाठी उभे करून घेतले नव्हते.

शेख अंता दिओप हा सेनेगलमधील एका खेड्यात १९२३ साली जन्मलेला तरुण १९४६ साली पॅरिसला आला. त्याने पदार्थविज्ञान, भाषाशास्त्र, इतिहास असे अनेक विषय अभ्यासले. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा: प्राचीन इजिप्तची संस्कृती ही कृष्णवर्णीय आफ्रिकेची संस्कृती होय, आणि युरोपीय विद्वानांनी इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून दाखविले ते अज्ञानाने नव्हे, तर गुलामगिरी आणि वसाहतवाद ह्यांना शास्त्राचा आधार हवा होता म्हणून. आपल्या वोलोफ भाषेतील शब्द त्याने प्राचीन इजिप्शियन भाषेतील शब्दांशेजारी मांडले. ग्रीक लेखकांनी इजिप्तच्या लोकांचे जे वर्णन केले होते ते पुढे आणले. १९५१ च्या सुमारास हा प्रबंध तपासण्यासाठी परीक्षक मंडळच जुळले नाही. परीक्षक नाही म्हणजे पदवी नाही. विद्यापीठाला तोंडाने ‘नाही’ म्हणावे लागले नाही. प्रस्थापितांची ही रीत आपल्याला नवी नाही.

दिओपने तो मजकूर १९५४ साली ‘कृष्णवर्णीय राष्ट्रे आणि संस्कृती’ ह्या अर्थाच्या नावाने ग्रंथरूपाने आणला. प्रकाशक होते ‘प्रेझाँस आफ्रिकेन’. मार्तिनिक बेटाचा कवी एमे सेझेर ह्याने वसाहतवादावरील आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेच्या १९५५ च्या आवृत्तीत ह्या ग्रंथाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परीक्षकांनी न वाचलेला प्रबंध कवीने वाचला!

ह्याही आधीचा एक धागा आहे. परिषदेचे अध्यक्षपद भूषविले ते हैतीच्या जाँ प्राइस-मार्स ह्यांनी. त्या वेळी ते ऐंशीच्या घरात होते. शिक्षणाने वैद्य, व्यवसायाने मुत्सद्दी आणि मनाने लोकजीवनाचे अभ्यासक. हैती १९१५ पासून अमेरिकन फौजेच्या ताब्यात असताना ते खेड्यांतल्या कहाण्या, क्रियोल भाषेतील म्हणी, व्होडू ह्या लोकधर्माचे आचार ह्यांचा अभ्यास करीत होते. १९२८ साली त्यांचा ‘असे बोलला काका’ ह्या अर्थाचा ग्रंथ निघाला. हैतीतील शिकलेला वर्ग स्वतःला रंगीत फ्रेंच समजत असे. आपल्याच शेतकऱ्याचे बोलणे, नाचणे, देवपूजा ह्यांची त्याला शरम वाटे. प्राइस-मार्स ह्यांनी त्या वर्गाला सुनावले की तुम्ही जे नाही तेच स्वतःला समजून जगत आहात. हा ग्रंथ वाचलेल्या पिढीतून जाक रूमँ हा कादंबरीकार निघाला. त्याने १९४१ साली हैतीत लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि १९४४ साली त्याची शेतकरी जीवनावरील कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. त्याच्या मागून जाक स्तेफान आलेक्सी आला. हाही वैद्य आणि कादंबरीकार. पॅरिसच्या परिषदेत त्याने हैतीच्या लोकांच्या कल्पनेत वास्तव आणि अद्भुत कसे एकत्र नांदतात ह्यावर निबंध वाचला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी खेड्यांतून टिपलेल्या कहाण्या अशा रीतीने एका आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर साहित्याचा सिद्धांत होऊन उभ्या राहिल्या.

मात्र ग्रंथ लिहिला की परिषद आपोआप भरते, असे नाही. मधे कोणीतरी लागते. येथे ते काम एका नियतकालिकाने केले, आणि ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

‘प्रेझाँस आफ्रिकेन’, म्हणजे आफ्रिकेचे अस्तित्व, हे नियतकालिक अलिऊन दिओप ह्यांनी १९४७ च्या अखेरीस सुरू केले. (शेख अंता आणि अलिऊन ह्या दोघांचेही आडनाव दिओप आणि दोघेही सेनेगलचे, परंतु माणसे वेगळी. सेनेगलमध्ये हे आडनाव आपल्याकडच्या कांबळे किंवा गायकवाड इतके सर्रास आढळते.) १९४९ मध्ये त्याला प्रकाशनसंस्थेची जोड मिळाली. अलिऊन दिओप स्वतः फारसे लिहीत नसत. ते माणसे जोडीत, लेख मागवीत, पैशांची तोंडमिळवणी करीत. पहिल्या अंकात आंद्रे जीद, सार्त्र ह्यांच्यासारख्या युरोपीय लेखकांची आणि आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञांची नावे झळकत होती. सुरुवातीला ते आवश्यकही असेल. नव्या नियतकालिकाला वजनदार नावांचा आधार लागतो. पण नऊ वर्षांनी देकार्त सभागृहात निबंध वाचायला उभे राहिले ते कृष्णवर्णीय स्वतः. गोरे विद्वान श्रोत्यांत होते. अभ्यासाचा विषय असलेला माणूस अभ्यासक होऊन बोलू लागला. हा पालट कोणत्याही विद्यापीठाने घडवून आणला नाही. दर अंकाला थोडे थोडे करून तो एका मासिकाच्या पानांवर घडला. संशोधन आणि कविता शेजारी शेजारी छापल्या गेल्या, कवीने संशोधकाला वाचले, संशोधकाने कवीला वाचले. मग एकत्र बसण्याची भूक निर्माण झाली. माझ्या मते आंतरराष्ट्रीय साहित्यिक मेळाव्याचे खरे बीज हे असे असते. सरकारी अनुदान हे खत फार तर.

आता परिषदेत घडले काय ते पाहू. जे घडले ते जयजयकाराचे नव्हते, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे.

पहिल्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. सेनेगलचे कवी लिओपोल्ड सेंगॉर ह्यांनी आफ्रिकन संस्कृतीचा आत्मा, तिचा लय, तिची जगाशी एकरूप होण्याची वृत्ती ह्यांचे विवेचन केले. सेंगॉर आणि सेझेर ह्यांनी तिसाव्या दशकात ‘नेग्रिट्यूड’ ह्या शब्दाभोवती काव्याची चळवळ उभारली होती. (‘निग्रो’ हा शब्द तेव्हा त्यांनीच शिवीतून उचलून अभिमानाने धारण केला होता. आज तो वापरातून गेला आहे आणि मीही इतरत्र तो टाळला आहे.) त्या चळवळीलाही संशोधनाचाच आधार होता, जर्मन अभ्यासक लिओ फ्रोबेनियस ह्याचा आफ्रिकन संस्कृतीच्या इतिहासावरील ग्रंथ १९३६ साली फ्रेंचमध्ये आला तेव्हा ह्या दोघा विद्यार्थ्यांनी तो अधाशासारखा वाचला होता. पण संशोधनातून आलेली कल्पना काव्यात शिरली की ती हळूहळू श्रद्धा होते, ह्याचेही दर्शन ह्या परिषदेत घडले. चर्चेच्या ओघात सेंगॉर ह्यांनी रिचर्ड राईट ह्यांच्या ‘ब्लॅक बॉय’ ह्या आत्मकथनात आफ्रिकेचा वारसा शोधून दाखविला. राईट समोरच बसलेले. अमेरिकेच्या दक्षिणेत भूक आणि दहशत सोसून लिहिलेले ते पुस्तक. त्यात मिसिसिपीचा छळ आधी दिसायचा की आफ्रिकेचा लय? परिषदेचा वृत्तान्त लिहायला आलेल्या जेम्स बाल्डविन ह्यांनी नेमका हाच आक्षेप नोंदविला आहे.

दुसऱ्या दिवशी सेझेर बोलले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थितीही एका अर्थाने वसाहतीतील प्रजेचीच आहे, असे त्यांनी म्हणताच अमेरिकन प्रतिनिधी अस्वस्थ झाले. त्यांना आपल्या राज्यघटनेतून हक्क मिळवायचे होते. वसाहत म्हटले की स्वातंत्र्ययुद्ध आले. आँबेडकरी चळवळीत घडलेल्या माणसाला हा वाद ऐकल्यासारखा वाटेल. घटनेच्या चौकटीत राहून लढायचे की चौकटच नाकारायची, ही ओढाताण आपणही अनुभवली आहे.

आणि रिचर्ड राईट? त्यांनी परंपरेच्या गौरवाला उघड छेद दिला. युरोपने आफ्रिका आणि आशियातील जुनाट रूढी मोडल्या त्याबद्दल, हेतू वाईट असला तरी, मी त्यांचा आभारी आहे, अशा आशयाचे ते बोलले. सभागृहात अनेकांना ते झोंबले. मला मात्र ह्या ठिकाणी राईट जवळचे वाटतात. ज्यांच्या वाट्याला परंपरेने माणूसपण दिले नाही, त्यांना ‘आपल्या प्राचीन संस्कृतीकडे चला’ ही हाक मोहात पाडू शकत नाही. आफ्रिकन लेखकांना वसाहतवाद्यांनी पुसलेला भूतकाळ परत हवा होता. दलिताचा भूतकाळ पुसलेला आहे हे खरे, परंतु जो पुसला गेला नाही तोच त्याला अधिक छळतो. म्हणून पॅरिसच्या परिषदेकडे पाहताना आपण केवळ भारावून जाऊ नये. साम्य आहे तेथे ते घ्यावे, अंतर आहे तेथे ते राखावे.

ह्या ओढाताणीत फ्रान्त्झ फॅनन ह्यांचे भाषण सर्वांत धारदार ठरले. अल्जीरियात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणारा हा मार्तिनिकचा तरुण ‘वंशवाद आणि संस्कृती’ ह्या विषयावर बोलला. त्याचे म्हणणे असे की वंशवाद काही माणसांच्या मनातला दोष नसून एका शोषणव्यवस्थेचे अंग आहे. रक्त आणि कवटी ह्यांची भाषा लाजिरवाणी झाली की तोच वंशवाद ‘त्यांची संस्कृती निराळी’ अशी भाषा बोलू लागतो. आणि दडपल्या गेलेल्या समाजाची संस्कृती जिवंत राहत नाही, ती वाळून जाते, वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगी होते. हे ऐकल्यावर लोकसंस्कृतीच्या संशोधकानेही स्वतःला विचारावे की मी जिवंत माणसांविषयी लिहितो आहे की वाळलेल्या वस्तूंविषयी.

शेख अंता दिओपने दिलेल्या वेळेची मर्यादा पाळलीच नाही. बाल्डविन लिहितात की इजिप्तचा प्रश्न त्यांना स्वतःला कधी फारसा भेडसावला नव्हता आणि दिओपचे म्हणणे त्यांना पटलेही नाही. पण सेझेर वगळता सभागृहाने एवढे डोक्यावर दुसऱ्या कोणाला घेतले नाही. मला हा तपशील फार बोलका वाटतो. परीक्षक न मिळालेल्या प्रबंधाला त्याच विद्यापीठाच्या छताखाली श्रोते मिळाले. आणि श्रोत्यांच्या टाळ्या म्हणजे पुरावा नव्हे, हेही तेथल्याच एका लेखकाने तिथल्या तिथे टिपून ठेवले.

अनुपस्थितांची नोंद केल्याविना हा वृत्तान्त पुरा होत नाही. व्यासपीठावर स्त्रिया नव्हत्या. राईट ह्यांनीच ही उणीव बोलून दाखविली, आणि आपल्या स्त्रिया मुक्त झाल्याखेरीज आपले पुरुष मुक्त होणार नाहीत असे बजावले. दुसरे अनुपस्थित डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस. कृष्णवर्णीयांच्या समाजशास्त्रीय संशोधनाचा पाया घालणारा हा वृद्ध विद्वान. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मदतीने हाताने रंगविलेले तक्ते मांडले होते. जमीन, साक्षरता, व्यवसाय ह्यांचे आकडे रंगांच्या पट्ट्यांतून बोलत होते. छप्पन्न वर्षांनी त्याच शहरात त्यांना येता आले नाही, कारण अमेरिकन सरकारने पारपत्र नाकारले. त्यांचा संदेश वाचला गेला. सरकारच्या परवानगीने परदेशी जाणाऱ्या माझ्या देशबांधवांकडून तुम्हाला निर्भीड बोल ऐकायला मिळणार नाहीत, असा त्याचा रोख होता. अमेरिकन प्रतिनिधी ओशाळले. पुढे १९६७ च्या सुमारास उघड झाले की ज्या ‘एन्काउंटर’ मासिकात बाल्डविनचा वृत्तान्त छापला गेला त्यात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा पैसा मुरत होता. आणि परिषदेनंतर अमेरिकेत आफ्रिकन संस्कृतीसाठी जी संस्था निघाली तिलाही तोच पैसा मिळत होता. आंतरराष्ट्रीय मेळाव्यांना जाताना तिकीट कोणी काढले आहे हे पाहून जावे, ते एवढ्यासाठी.

ह्याच दुबॉईसना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेणाऱ्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या होत्या आणि अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. दुबॉईस ह्यांनी आस्थेने उत्तर दिले. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ ह्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो नंदनार, रविदास व चोखामेळा ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला. दिओपच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधीचा हा ग्रंथ. दोघांचा रोख एकच: आमचा इतिहास तुम्ही लिहिलात, आता आम्ही तो तपासतो. दोघांच्याही सिद्धांतांवर विद्वानांत मतभेद राहिले. परंतु दोघांनीही प्रश्न विचारण्याचा अधिकार हस्तगत केला, आणि साहित्याला हवा असतो तो हाच अधिकार. पॅरिसची परिषद संपल्यावर तीन आठवड्यांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. पॅरिसचा आणि ह्या घटनांचा कार्यकारण संबंध मी जोडू इच्छीत नाही. तो नंतर जोडला गेला, तोही अभ्यासातूनच: म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्यापुढे ठेवले. जनार्दन वाघमारे ह्यांचा अमेरिकन निग्रोंच्या साहित्य व संस्कृतीवरील ग्रंथ १९७८ साली आला. तोवर १९७२ मध्ये दलित पँथरने नावातच हे नाते सांगून टाकले होते.

पॅरिसनंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५९ साली दुसरी परिषद रोमला झाली. १९६६ च्या एप्रिलमध्ये स्वतंत्र सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. तेव्हा सेंगॉर राष्ट्राध्यक्ष होते. विसाव्या शतकातील कृष्णवर्णीयांच्या विचारांवर सर्वाधिक प्रभाव टाकल्याबद्दलचा सन्मान तेथे दोघांना विभागून दिला गेला: दिवंगत दुबॉईस आणि शेख अंता दिओप. दिओपला १९६० साली अखेर डॉक्टरेट मिळाली होती, पण अशा श्रेणीची की विद्यापीठात शिकविण्याचा मार्ग बंद व्हावा. आणि सेंगॉर ह्यांचा राजकीय विरोधक असल्याने त्याला तुरुंगही पाहावा लागला होता. डाकारच्या विद्यापीठात त्याला शिकवायला मिळाले ते १९८१ साली. तोवर तो आपल्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी कार्बनवरून प्राचीन वस्तूंचे वय काढीत बसला होता. १९७४ साली युनेस्कोने कैरोत विद्वानांची बैठक भरविली तेव्हा त्याने आणि काँगोच्या तेओफिल ओबेंगा ह्यांनी आपली बाजू मांडली. बहुतेकांनी त्यांचे सारे म्हणणे मान्य केले नाही. मात्र त्यांच्याइतकी कसून तयारी इतरांनी केली नव्हती, ह्याची नोंद अहवालातच आहे.

आपल्या संदर्भात मला सर्वांत अनुकरणीय वाटते ती एक साधी गोष्ट. १९५६ ची परिषद संपताच ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ने आठ, नऊ आणि दहा असे तीन अंक एकत्र करून विशेषांक काढला. त्यात निबंध तर होतेच, पण सभागृहात झालेले वादही छापले होते: कोण उठला, काय म्हणाला, त्याला काय उत्तर मिळाले. म्हणूनच आज इतक्या वर्षांनी मी येथे बसून सेंगॉर आणि राईट ह्यांच्यातील मतभेद वाचू शकतो. आपल्या संमेलनांचे काय छापले जाते? बहुधा अध्यक्षीय भाषण, आणि जमल्यास ठराव. दुपारच्या परिसंवादात एखाद्या संशोधक मुलीने जलशांवर किंवा महार वतनाच्या कागदपत्रांवर वाचलेला निबंध, आणि त्यावर मागच्या रांगेतून एखाद्या म्हाताऱ्या शाहिराने उठून घेतलेली हरकत, ही मांडव उतरला की हवेत विरते. त्या हरकती टिपून घ्यायला वही-पेन्सिल घेतलेली दोन मुले पुरेत, आणि त्या छापायला आपल्या त्रैमासिकाची आठ-दहा पाने.